खिळा कुणी मारला

सोलापुरात घरोघरी वीज यायला लागली तेव्हा माझा एक समज होता. गावात विजेतलं कळणारा मी एकटाच, असं मला वाटायचं. हा समज पहिल्या आठवड्यातच गेला. विजेतलं सगळ्यांनाच कळत होतं. पानवाल्याला कळत होतं, न्हाव्याला कळत होतं, आणि एकदा मुंबई बघून आलेल्या माणसाला तर इतकं कळत होतं की तो बोलायला लागला की मला शिडीवरून उतरून ऐकावं लागायचं. शिडीवर परत चढेपर्यंत घरमालकाचा विचार बदललेला असायचा, आणि दाराशी लावलेलं बटण आता खिडकीशी हवं असायचं.

मी सिद्धनाथ. माझे वडील धुळाप्पा सांगोल्याकडच्या माळावर मेंढरं राखतात. मी बारा वर्षं गिरणीच्या वीजखात्यात वायरमन होतो. तिथला मुख्य भीमा मिस्त्री. एकदा त्याच्या हातून एक मोटार जळाली आणि ती त्यानं माझ्या नावावर खपवली. मी खात्यातल्या सगळ्यांसमोर त्याला म्हणालो, "मिस्त्री, ह्या फाटकातनं परत आत आलो तर बापाचं नाव सांगणार न्हाय."

भीमा चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानं शांतपणे सुपारी कातरली आणि म्हणाला, "महिन्याभरात येशील की. येताना चप्पल भाईर काढून ये."

माझी बायको म्हाळसाबाई त्याच गिरणीत सुताच्या कांड्या भरायला जाते. भोंगा झाला की ती फाटकातून आत जायची, आणि भीमा मिस्त्री तिला रोज न चुकता विचारायचा, "काय गं, भरला का त्येचा महिना?" ती घरी येऊन मला काही बोलायची नाही. नुसती भाकरी जरा जोरात थापायची.

स्वतःचा धंदा काढायचा तर वीज कंपनीच्या यादीत नाव लागावं लागतं. कंपनीचा नियम सोपा होता. एका आख्ख्या घराचं वायरिंग करून दाखवायचं. कंपनीचे साहेब येऊन तपासणार. पास झालं तर नाव लागलं. नापास झालं तर वर्षभर अर्ज करायचा नाही. वर्षभर मी काय खाणार होतो? म्हणजे नापास झालो की चप्पल बाहेर काढून गिरणीत. इतका साधा मामला होता.

आणि ते एक घर मला मिळालं मानसिंगरावांचं.

मानसिंगरावांची शेती माळशिरसकडे आणि कोर्टकज्जे सोलापुरात. कज्ज्यांच्या सोयीसाठी त्यांनी इथं काळ्या दगडाचं घर बांधलं होतं. पहिल्या दिवशी त्यांनी मला माजघरात उभं केलं, स्वतः तक्क्याला टेकून बसले आणि म्हणाले, "सगळी बटणं हितं लाव. माज्या हाताशी."

"कुटल्या खोलीची, मालक?"

"सगळ्या खोल्यांची. माज्या हुकमाबिगर घरात दिवा लागता कामा न्हाय."

मी तीन दिवस खपून सगळ्या घराच्या वायरी त्यांच्या तक्क्यापाशी आणल्या. चौथ्या दिवशी त्यांच्या ध्यानात आलं की आपण कोर्टात गेलो की घर अंधारात बसणार. मग त्यांनी मला विचारलं, असलं अडाणी काम कुणी करायला सांगितलं होतं? मी सगळं उपटलं आणि जिथल्या तिथं परत लावलं.

त्यानंतर पट्टीचा प्रश्न आला. ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. वायर भिंतीवर उघडी टाकत नाहीत. सागवानी पट्टीला दोन खाचा असतात, एक वर आणि एक खाली. दोन्हीतून एकेक वायर जाते आणि वरून सागवानी झाकण बसतं. ही पट्टी छताला लागून न्यायची असते, कुणाचा हात पोचू नये म्हणून. मी तशी नेली. मानसिंगराव मान वर करून बघत राहिले.

"एवढं सागवान लावलंस आणि ते कुणाला दिसायचं? पालींना? खाली घे."

"मालक, खाली घेतली तर हात लागतो."

"माज्या घरात माजा हात लागंना का!"

पट्टी डोक्याच्या जरा वर आली. माजघरातून ओसरीपर्यंत सरळ, चकचकीत, तेल-पाणी केलेली. मला स्वतःलाही ती आवडली, हे कबूल करतो. आवडायला नको होती.

राहिल्या मथुराबाई, मानसिंगरावांच्या आई. त्यांना घरात बाकी कुठंच वीज नको होती, फक्त कोठीच्या खोलीत हवी होती. तिथं धान्याच्या कणग्यांमागं विंचू निघायचे आणि दोन वेळा त्यांना चावले होते. मी कोठीत छताला होल्डर टांगला आणि त्यात बल्ब लावून दाखवला. बाई खाली उभ्या राहून किती तरी वेळ वर बघत होत्या.

"ह्येचं तोंड खाली का रं?"

"दिवा हाय, आईसायेब. उजेड खाली पडाय पायजे न्हवं."

"दिव्याची ज्योत वर जाती. भरल्या घरात दिवा पालथा घालतूस व्हय? माणूस गेलेल्या घरात करत्यात तसं?"

"ह्येच्यात ज्योत नसती, आईसायेब. तार तापती नुसती."

"ज्योत नसती तर मग दिवा कशाला म्हंतूस?"

याचं उत्तर मला गिरणीतल्या बारा वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. मी तासभर वाद घातला. म्हातारी हुज्जत घालत नव्हती, नुसती "पालथा दिवा नगं" एवढंच म्हणत जात्यावर बसून होती. शेवटी मी चिडून भिंतीत भोक पाडून एक लाकडी ठोकळा ठोकला, त्यावर होल्डर उभा बसवला आणि बल्ब तोंड वर करून लावला. हिंदुस्थानात असा दिवा कुठल्याच वायरमननं लावला नसेल. बाईंनी त्याला हळदकुंकू लावलं आणि हात जोडले. मला म्हणाल्या, "आता शाना झालास."

त्या दिवशी घरी जाऊन मी म्हाळसाबाईला म्हातारीची नक्कल करून दाखवली. ती हसली, पण थोडीच. मग म्हणाली, "त्येंच्या घरात रोज इंचवाच्या अंधारात म्हातारीच शिरती न्हवं? तुमी न्हाय." मी नक्कल थांबवली.

मंगळवारी साहेब येणार होते. सोमवारी संध्याकाळी मी घंटी आणि बॅटरी घेऊन सगळी लाइन स्वतः तपासली. एकेक बटण, एकेक खोली. कुठं दोष नव्हता. घरी आलो आणि कित्येक दिवसांनी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

मंगळवारी सकाळी मानसिंगरावांनी आळीतले लोक गोळा केले होते. शेजारच्या गोजाबाई पोरंबाळं घेऊन उंबऱ्यात बसल्या होत्या. तपासणीला इतकी माणसं कशाला, असं मी विचारलं तर मानसिंगराव म्हणाले, "कंपनीचा सायेब घरी येतूय. बगू दे की लोकास्नी." साहेब म्हणजे पुण्याकडचा एक किडकिडीत माणूस होता, डोक्यावर टोपी आणि हातात लाकडी पेटी. पेटीला हँडल होतं. ते गरागरा फिरवलं की पेटीवरचा काटा हलतो. काटा एका टोकाला गेला तर वायरिंग उत्तम. शून्यावर पडला तर दोन वायरी कुठं तरी एकमेकींना भेटल्या आहेत, आणि काम फुकट गेलं.

साहेबांनी वायरी पेटीला जोडल्या आणि हँडल फिरवलं. काटा शून्यावर पडला. त्यांनी पुन्हा फिरवलं. काटा जागचा हलला नाही.

"काम कच्चं आहे," साहेब म्हणाले. आवाजात राग नव्हता, कंटाळा होता.

"सायेब, काल सांजच्याला मी सोता तपासलंय. एक डाव परत बगा."

"काल मी इथं नव्हतो. आज शून्य आहे."

मानसिंगराव लोकांकडे बघून म्हणाले, "मी म्हनलंच हुतं. गिरणीतनं हाकललेला मानूस." मला गिरणीतून कुणी हाकललं नव्हतं. पण ते सांगायची ही वेळ नव्हती. साहेबांनी खिशातून पेन काढलं होतं.

मी वेड्यासारखा पट्टीकडे बघत ओसरीपर्यंत गेलो आणि थांबलो. पट्टीवर एक मोठी तसबीर टांगली होती. जनावरांच्या प्रदर्शनातला फोटो होता. मध्ये बक्षिसाचा बैल, बैलाशेजारी टोपीवाला गोरा कलेक्टर, आणि अगदी कडेला अर्धे मानसिंगराव. उरलेले अर्धे चौकटीबाहेर राहिले होते. ही तसबीर काल तिथं नव्हती.

आता सगळं कळलं. काळ्या दगडाच्या भिंतीत खिळा जात नाही, वाकतो. पट्टीसाठी मला छिन्नीनं भोकं पाडून लाकडी खुंट्या ठोकाव्या लागल्या होत्या. आणि मी या माणसाच्या घरात डोक्याच्या उंचीवर सरळ, गुळगुळीत सागवानाची पट्टी लावून ठेवली होती, ज्यात खिळा लोण्यात जावा तसा जातो. त्यातून आपल्याकडे तसबिरीचा खिळा सरळ मारत नाहीत. तिरका मारतात, डोकं वर आणि टोक खाली, म्हणजे तसबीर निसटत नाही. तो वरच्या खाचेतून घुसतो आणि खालच्या खाचेत उतरतो. दोन्ही वायरी एका खिळ्यावर ओवल्या जातात. मुद्दाम करायचं म्हटलं तर मला इतकं नेमकं जमलं नसतं.

"मालक," मी म्हणालो, "हितं खिळा कुणी मारला?"

"कुटला खिळा?"

"ही तसबीर ज्या खिळ्यावर हाय त्यो."

मानसिंगरावांनी तसबिरीकडे पाहिलं. मग साहेबांकडे, मग उंबऱ्यातल्या लोकांकडे. आपण चूक केली हे त्यांना त्याच क्षणी कळलं होतं. त्यांचा चेहरा मी पाहिला आहे. "खिळाबिळा काय न्हाय," ते म्हणाले. "भितीला वल हाय. वल लागली आसंल तुज्या वायरीला."

"मग तसबीर कशावर टांगलीया?"

"तू मला इचारतूस? माज्या घरात?"

मी तसबीर काढायला हात वर केला. "खबरदार!" मानसिंगराव ओरडले. "कलेक्टरसायबाचा फोटू हाय. सायबाच्या फोटूला हात लावशील तर याद राख." कंपनीच्या साहेबांनी टोपीवाल्या गोऱ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तेही जरा मागं सरकले. सरकारी माणसाची तसबीर भिंतीवरून उतरवण्याचा नियम त्यांच्या पुस्तकात नसावा. त्यांनी कागद मांडीवर घेतला. माझं नाव लिहिलेला तो कागद, त्याच्यापुढे एक शब्द लिहायचा राहिला होता. मी उभा होतो आणि मला भीमा मिस्त्रीची सुपारी कातरल्याचा आवाज ऐकू येत होता. खोटं सांगत नाही, तेव्हा मला रडू यायला लागलं होतं.

"तूच मारलास की, मानसिंगा."

मथुराबाई कोठीच्या दारात उभ्या होत्या. हाताला पीठ लागलेलं होतं.

"आई, तू आत जा."

"जाती. सकाळच्या पारी माजा वरवंटा घीऊन गेलास. दोन खिळं भितीत वाकलं. मग तिसरा त्या पट्टीत मारलास. वरवंट्याचा टवका उडालाय, ह्यो बग." त्यांनी खरंच वरवंटा आणला होता. तो त्यांनी साहेबांसमोर जमिनीवर ठेवला, पुरावा म्हणून. "फोटू तुजा हाय, पट्टी त्येची हाय. लोकाच्या पोटावर खिळा कशाला मारतूस?"

गोजाबाई हसायला लागल्या आणि त्यांच्यामागून आळी हसली. साहेबांनी पेन बंद करून खिशात ठेवलं. मानसिंगरावांनी स्वतःच्या हातानं तसबीर उतरवली, कलेक्टरसाहेबासकट. मी पकडीनं खिळा उपटला, तेवढा तुकडा उघडला, नवी वायर ओढली आणि झाकण बसवलं. साहेबांनी तोवर चहा घेतला. मग पुन्हा हँडल फिरवलं. काटा त्या टोकाला गेला आणि तिथंच थांबला.

जाताना साहेबांनी कोठीतला दिवा पाहिला. तोंड वर, कपाळाला कुंकू. "हे काय आहे?"

"सायेब, दिवा पालथा नसावा म्हनून."

साहेबांनी पुस्तक चाळलं. "दिव्याचं तोंड कुठं असावं हे नियमात लिहिलेलं नाही," ते म्हणाले, आणि कागदावर 'पास' लिहून दिलं.

साहेब घराबाहेर पडायच्या आत मानसिंगराव लोकांना सांगत होते की वायरिंगची परीक्षा घ्यायची म्हणून आपणच मुद्दाम खिळा मारला होता, आणि पोरगा परीक्षेत पास झाला. गोजाबाईंनी मला उंबऱ्यात गाठलं. माझं पहिलं स्वतंत्र काम तिथंच मिळालं. "मलाबी ती पट्टी लाव रं बाबा. तिन्ही खोल्यांस्नी."

"लावतो की, मावशी. बटणं कुटं कुटं पायजेत?"

"बटणं नगंत. ईजबी नगं. नुसती पट्टी लाव. खिळं मारायला लई बरी हाय."

म्हणून मी सांगतो, या गावात वीज कुणाला हवी आहे असं समजू नका. मी मनात गोजाबाईंना, मानसिंगरावांना आणि अख्ख्या आळीला नाही नाही ते बोललो. वायर म्हणजे काय, पट्टी म्हणजे काय, खिळा कुठं मारावा, एवढं ज्यांना कळत नाही त्यांच्या घरात जन्म काढायचा, असं मला वाटलं. घरी गेल्यावर हे सगळं मी म्हाळसाबाईला सांगितलं. एकदा नाही, चार वेळा.

आठ दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. यादीत नाव लागलं होतं. मी चाटी गल्लीच्या मागच्या बोळात दगडी भिंतीची एक खोली भाड्यानं घेतली, दारावर पाटी लावली आणि गिऱ्हाइकांना नमुना दिसावा म्हणून आत डोक्याच्या उंचीवर सागवानी पट्टी फिरवली. कंपनीनं वीज जोडून दिली. पत्राला चौकट करून आणली. आणि दुकान उघडायच्या दिवशी, संध्याकाळच्या भोंग्यानंतर, मी भीमा मिस्त्रीला मुद्दाम बोलावणं पाठवलं. मला त्याला काही बोलायचं नव्हतं. नुसतं दाखवायचं होतं.

तो आला. दारात चप्पल घालूनच उभा राहिला. म्हाळसाबाईनं पेढा दिला, तो त्यानं खाल्ला. मी बटण दाबलं. चार दिवे एकदम लागले. भीमानं चारी दिवे एकेक करून पाहिले, पट्टीचे सांधे पाहिले, आणि मान हलवली. माझ्या बारा वर्षांत त्यानं माझ्या कामाला मान हलवल्याचं मी पाहिलं नव्हतं.

"आनि ह्ये बगा कंपनीचं पत्र," मी म्हणालो. "लावतोच आता."

मी खिळा घेतला आणि भिंतीत मारला. वाकला. दुसरा मारला, तोही वाकला. भीमा बघत होता. समोर पट्टी होती. मला पट्टी माहीत होती. वरची खाच कुठं, खालची कुठं, आणि दोन्हींच्या मध्ये बोटभर भरीव लाकूड कुठं, हे मी डोळे मिटून सांगितलं असतं. माहीत नसणाऱ्यानं मारू नये, ते वेगळं. मी मधोमध नेम धरला आणि हातोडा मारला. तसबीर निसटू नये म्हणून हात आपोआप जरा तिरका झाला.

फट्ट झालं आणि चारी दिवे गेले.

दारातून अजून दिवसाचा उजेड येत होता, त्यामुळे माझं तोंड सगळ्यांना नीट दिसत होतं.

"सिद्धू," भीमा मिस्त्री म्हणाला, "काय झालं रं?"

"काय न्हाय," मी म्हणालो. "भितीला वल हाय."

चैत्र महिना होता. चैत्रात सोलापुरात माणसाच्या घशालासुद्धा ओल नसते.

"वल कुटली?" म्हाळसाबाई म्हणाली. पेढ्याचं ताट अजून तिच्या हातात होतं. "तुमीच मारला की आत्ता खिळा."

भीमा मिस्त्री हसला नाही. त्यानं दारात चप्पल काढली, कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि माझ्या पेटीतली पक्कड उचलली.

"मेन बंद कर," तो म्हणाला. मी केलं.

"आता स्टूल धर."

मी धरलं.